तीन बोटं उंच

माझा मामा म्हणजे एक नंबरचा चेंगट. चप्पल घ्यायची तरी चार दुकानं पालथी घालणार आणि शेवटी जुनीलाच टाके मारून आणणार. वीजखात्यात जीप चालवून निवृत्त झाला आणि तसलीच एक जुनी फोर बाय फोर जीप घेऊन दारात उभी केली. तिचा खिळाही त्याने कधी बदलला नाही. कंपनीने दिलंय ते विचार करूनच दिलंय, हे त्याचं पालुपद.

मग मामीच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यायचं, आणि वाटेत ओढा. ॲम्ब्युलन्स ओढा ओलांडून यायलाच तयार नसायची. एकदा चिखलात जीप रुतली ती रुतलीच. ट्रॅक्टर येईपर्यंत मामी आत धापा टाकत बसली होती. त्या दिवसाचं डायलिसिस चुकलं. मामा घरी आला तो चाकांचा ध्यास घेऊनच.

महिनाभर त्याने टायरवाल्याचं डोकं खाल्लं. टायरवाला बाहेर आलेल्या रुंद रिम गळ्यात मारायला बघत होता. गाडी वाघासारखी दिसेल म्हणे. मामा म्हणाला, वाघ नको, बेअरिंग टिकायला हवं. स्प्रिंगांना हात न लावता बसेल एवढंच मोठं चाक हवं, खोल नक्षीचं. तसली चारही बसवली, मग मडगार्डला आतून ओला चुना फासला, स्टेअरिंग दोन्हीकडे पार शेवटपर्यंत वळवलं आणि खाली आडवा होऊन बघितलं, टायरला पांढरं लागतंय का. लागलं नाही. रिकामी जीप ओढ्यातून काढली, ती कुठे अडली नाही. फार दिवसांनी मामा हसला.

सगळं मोजलं या माणसाने, फक्त मामीचा पाय मोजला नाही. गाडी तीन बोटं वर गेली होती. मामीचा सुजलेला पाय आधीच जेमतेम वर जायचा, आता तो अधांतरीच राहिला. स्टूल ठेवलं, ते खडीत कलंडलं आणि तिची नडगी सोलवटली. मग मामाने तिला उचलून आत बसवलं. अख्खी गल्ली बघत होती. जन्मात कुणाची मिंधी न राहिलेली बाई ती, रस्ताभर तोंडावर पदर घेऊन बसली.

पुढच्या डायलिसिसला ती उठलीच नाही. आज बरं वाटतंय म्हणाली. त्याच्या पुढच्या वेळीही तेच. मामाने वेल्डरला लोखंडी पायरी करायला सांगितली होती, पण त्या मेल्याचा उद्या काही उजाडेना. मी सगळ्यांवर ओरडले. जीव मोठा की मान, असं मामीला तोंडावर विचारलं.

मग तिला आडवं पडवेना, इतका दम लागला. मामा हात पुढे करून गेला.

"गाठोड्यासारखी उचलू नका मला," ती म्हणाली. "जुनी चाकं लावा. मी माझी चढते."

"अगं, काल ओढ्याला पाणी येऊन गेलंय."

"लावा."

मामाने जॅक लावला. चारही चाकं उतरवली, जुनी चढवली. नट त्याने एकट्यानेच आवळले; मला दोघांचाही इतका राग आला होता की मी पानासुद्धा हातात दिला नाही. मामीने दाराची कड धरली, पाय टेकवला आणि वर गेली. केस सारखे करून समोर बघत बसली.

जीप ओढ्यात तिथेच रुतली, त्याच चिखलात. ट्रॅक्टर आला तेव्हा मामी गेलेली होती.

पुढे काही दिवसांनी वेल्डर पायरी घेऊन उगवला. मी त्याला दारातूनच हाकलणार होते. मामा उठला, पायरी घेतली आणि कोपऱ्यात रचलेल्या मोठ्या चाकांवर नेऊन ठेवली. तिच्यावर हात ठेवून उभा राहिला.

"चढली ना गं ती आपली आपण?" त्याने मला विचारलं.

"चढली, मामा," मी म्हटलं.