शेजारच्या घरी पुजलेला राउटर

माझी बायको पौषात वारली. सकाळी तिने अंगणात सडा घातला. दुपारी ती नव्हती.

तेरवी झाली, लेक पुण्याला नोकरीवर परत गेली, आणि केशोरीतल्या घरात मी आणि माझी पुस्तकं उरलो. मी हायस्कुलात मराठी शिकवायचो. बोलायचं ते शाळेत, घरी वाचायचं, असा माझा नेम. घरातलं बोलणं बायकोकडे होतं. लेकीशी फोनवरही तीच बोलायची आणि शेवटी फोन माझ्या हातात द्यायची. मी "जेवलीस का?" एवढं विचारून तो परत करायचो.

आता परत करायला कोणी नव्हतं. शिवाय फोन लागतच नव्हता. माकडांनी कवेलू फोडून फोडून जीव नकोसा केला, म्हणून आम्ही छपरावर टिनाचे पत्रे टाकले होते. तेव्हापासून घरात मोबाईल म्हणजे नुसतं घड्याळ. त्यामुळे लेक शेजारच्या बाईंना फोन लावायची. त्यांचं घर स्लॅबचं, गच्चीवर रेंज चांगली. त्या वरूनच हाक मारायच्या, "गुरुजी, पोरीचा फोन हाय जी! या लवकर!"

मी चपला घालून त्यांचा जिना चढेपर्यंत दोघींचं बरंचसं बोलणं झालेलं असायचं. दोघी हसत असायच्या. मी पोचलो की हसणं थांबायचं आणि लेक माझी तब्येत विचारायची. ते थांबणं मला टोचायचं.

एकदा जिन्यातच शब्द कानावर आले. "तुझी माय रोवण्यात गाये न, तं रस्त्यावरचे मानसं थांबून आयकत."

माझी बायको गात होती, हे मला ठाऊक नव्हतं. लग्न झाल्यापासून तिने माझ्यासमोर कधी गुणगुणलंही नव्हतं. रोवण्याच्या दिवसांत ती शेजारणीबरोबर धानाची रोपं लावायला बांधीत जायची, संध्याकाळी पायांचा चिखल धुऊन स्वयंपाकाला लागायची. मी विचारायचो, किती झालं? ती सांगायची, अर्धं झालं. आमच्यात शेताचं बोलणं एवढंच. आणि इथे ही बाई माझ्या बायकोचा आवाज माझ्या लेकीला सांगत होती, जणू तो तिच्या घरचा होता.

त्या जिन्यातच मी ठरवलं, आपल्या घरात इंटरनेट घ्यायचं. लेकीने माझ्या घरात, माझ्याशी बोलावं. दुसरा काही हेतू नव्हता.

तारेचं इंटरनेट गावापर्यंत आलेलं नाही, म्हणून सिमवर चालणारा राउटर घ्यायला गोंदियाला गेलो. दुकानदाराने खोकं दाखवण्याआधीच विचारलं, "सरजी, छत टीन की है या स्लैब की?"

"टीन."

"फिर अंदर कुछ नहीं आएगा. अँटेनावाला लो, और खिड़की में रखो. आपके गाँव में कौनसी कंपनी का सिम अच्छा पकड़ता है?"

मला सांगता येईना. त्याने माझ्या काखेतल्या पुस्तकाकडे पाहिलं. "किसी को पूछ लो, सर. किताब में ये नहीं मिलेगा."

गावात विचारण्यासारखं माणूस एकच होतं. मी तिथूनच शेजारच्या बाईंना फोन लावला.

"आमच्याच कंपनीचं घ्या जी, रेंजच्या सगळ्या काड्या दाखवते," त्या म्हणाल्या. "पन कायले घेऊन राहिले? आमचा फोन हाय न!"

मी फोन ठेवला. सिम मात्र त्यांनी सांगितलं तेच घेतलं.

खोकं घेऊन घरी आलो तर त्या फाटकाशी उभ्या. "तुमच्या घरी वरीस फिरलं नाई. पूजेबिगर नवी वस्तू चालू करान का जी? आना इकडं."

आमच्याकडे मयत झालेल्या घरात वर्षभर पूजा होत नाही. नवी वस्तू आणलीच तर ती शेजारी पुजून मग घरात नेतात. मी हे मानत नाही. बायको मानत होती. ती जाऊन वर्षही झालं नसताना तिचं हे मोडवेना. मी खोकं उचलून त्यांच्या घरी नेलं.

त्यांनी राउटरला हळद-कुंकू लावलं, दोन्ही अँटेनांवर अक्षता टाकल्या, नारळ फोडला. "आता चालूबी इथंच करा," म्हणाल्या. मी सिम बसवलं, पिन लावली. लाल दिवा थोड्या वेळाने हिरवा झाला. मी चष्मा शोधेपर्यंत त्यांनी खालच्या स्टिकरवरचा पासवर्ड आपल्या फोनात घातलाही होता.

"थांबा जी, पोरीले एक व्हिडिओ धाडून पाहू. आमच्या फोनातलं नेट रोज सरून जाते, कवाचा अटकून हाय."

व्हिडिओ गेल्या आषाढातला होता. गुडघाभर चिखलात बायांची ओळ, आणि त्यात माझी बायको, हातात धानाच्या रोपांची, पऱ्ह्याची जुडी. ती एक ओळ गायची, बाकीच्या ती उचलायच्या. आवाज मोकळा होता. मग तिने मान वर केली, फोन धरणाऱ्या शेजारणीकडे पाहिलं आणि म्हणाली, "आमच्या गुरुजीले नोको दाखवजो व!" सगळ्या बाया हसल्या. तीही हसली.

शेजारच्या बाईंनी घाईने फोन उलटा केला. "लाजे जी ते तुमाले," एवढंच म्हणाल्या.

व्हिडिओ लेकीला पोचला. माझ्या राउटरमधून पहिल्यांदा गेलं ते हे. बायकोचं गाणं होतं, पण ते गायलं दुसऱ्या कुणासमोर, टिपलं दुसऱ्या कुणी, आणि धाडलंही शेजारणीनेच. आयुष्यात मी कुणाचं पद, कुणाचं शेत पाहून जळलो नाही. त्या दुपारी मला त्या बाईचा इतका हेवा वाटला की प्रसादाचं खोबरं मी न खाताच खिशात टाकलं.

राउटर घरी आणला. आधी पुस्तकांच्या खोलीत ठेवला, दिवा लाल. मधल्या खोलीत लाल. पडवीत जरा वेळ हिरवा, पुन्हा लाल. शेवटी स्वयंपाकघराच्या खिडकीत तो हिरवा होऊन टिकला, तोही दोन्ही झडपा उघड्या ठेवल्यावर. ती खिडकी शेजारच्या अंगणात उघडते.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. पडद्यावर तिचा चेहरा स्पष्ट दिसत होता.

"जेवलीस का?"

"हो बाबा. तुम्ही?"

"हो."

तिची नजर माझ्यामागच्या उघड्या खिडकीकडे गेली. मग तिने विचारलं, "तिकडून काकू दिसते का?"

दिसत होत्या. भांडी घासत होत्या.

"मारा न हाक."

मी हाक मारली.

आता राउटर त्या खिडकीत आहे. लेकीचा फोन रोज येतो. ती आधी माझ्याशी बोलते, मग खिडकीतून शेजारणीशी, आणि मी तिथेच उभा राहून ऐकतो. गाणं त्या दोघींच्या फोनमध्ये आहे. माझ्याकडे नाही. मी मागितलेलं नाही.