लोधीखेड्याचा निळा, रामाकोन्याचा लाल

ऐंशीच्या दशकातला एक एप्रिल. पांढुर्ण्याच्या आमच्या शेतात नाल्यापलीकडे एक तुकडा होता, हरळीने गच्च धरलेला. दोन बैलजोड्या जुंपूनही नांगर वीतभर खाली जात नव्हता. मला तिथे संत्र्याची बाग हवी होती. बाबा म्हणाले, "यंदा फुटला तं लाव बाग. नाई तं दिवाळीले इकून टाकतो." बाबांनी ठरवलं म्हणजे ठरवलं. म्हणून मी, शाळामास्तर माणूस, जुना ट्रॅक्टर घ्यायला निघालो. सोबत बाबा, ज्यांना ट्रॅक्टर या वस्तूचाच राग होता.

सकाळच्या बसने सौंसर गाठलं. रस्ता तेव्हा खड्ड्यांचा, तिकीट मात्र चहा-नाश्त्याच्या पैशात. स्टँडवर तर्री-पोहे खाल्ले. बाबांनी घरून बांधून आणलेली भाकरच सोडून खाल्ली. तिथून लोधीखेडा. आता चकाचक रस्ता आहे, आम्ही कापसाच्या रिकाम्या ट्रकमधून गेलो.

लोधीखेड्याच्या पुंडलिकरावांचा ट्रॅक्टर निळा, धिप्पाड, आणि आवाज असा की छातीत धडधडावं. मी तर बघताक्षणी भाळलो. माझ्या वहीत इंजिनाच्या ताकदीचे आकडे होते, तेही निळ्याच्याच बाजूने होते. तरी सांगून टाकलं की रामाकोन्याला गुलाबरावांचा लाल ट्रॅक्टरही पाहायचा आहे.

पुंडलिकराव हसले. "तो लाल? त्याच्यानं म्हैस तरी वढते का जी? बसा, मीच नेतो तुमाले. तिथंच दोघायले साखळी लावू, कोन कोनाले वढते ते पाहू."

आणि आम्ही तिघे त्याच निळ्यावर निघालो! सौंसर ओलांडलं, दोन्हीकडे संत्र्याच्या बागा, बाजूने छोट्या लाईनची आगगाडी शिट्टी मारत आमच्यापुढे गेली. माझ्या तोंडात धूळ होती, तरी मी हसतच होतो. बाबा एका हाताने मडगार्ड आणि दुसऱ्या हाताने टोपी धरून बसलेले.

रामाकोन्याचा लाल निघाला बारका, रंग उडालेला. गुलाबराव बोलायलाही बारीकच. बाजाराच्या मैदानात दोन्ही ट्रॅक्टर पाठीला पाठ लावून उभे केले, मध्ये साखळी. बघता बघता अर्धं गाव जमलं. इशारा झाला. लालची चाकं जागच्या जागी फिरली, मुरूम उडाला, आणि निळ्याने त्याला फरफटत मागे नेलं. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मी बयाणा द्यायला खिशात हात घातला.

"थांब," बाबा म्हणाले. सकाळपासूनचा त्यांचा हा पहिलाच शब्द. "लालचं इंजन दमलं का?"

"नाई," गुलाबराव म्हणाले. "चाकं घसरून राहिले नुसते."

"मंग हे तं वखरावानी झालं. फासाचं पातं जमीन धरत नाई तवा आपण काय करतो? वजन द्याले वर उभं राहतो." असं म्हणून बाबा चढलेसुद्धा. ट्रॅक्टरचा राग असलेला माझा बाप, लालच्या मडगार्डवर! मागोमाग त्यांनी चार धट्टेकट्टे गडी चढवले. (वाचकहो, हे आज कोणीही करू नका. साखळी तुटली असती तर मी हे लिहायला नसतो.)

पुन्हा इशारा. लालची चाकं या वेळी रुतली आणि धरून बसली. साखळी ताठ झाली. निळा गुरगुरला, काळा धूर ओकला आणि भकभक करत बंद पडला. लाल त्याला ओढत थेट मैदानाच्या कडेच्या चिंचेपर्यंत घेऊन गेला. मी वेड्यासारखा टाळ्या पिटत होतो.

पुंडलिकराव खाली उतरले, घाम पुसत म्हणाले, "माह्या चाकांत पानी भरलं हाय जी. वजनाचाच जोर होता."

"तं आपणबी भरू," बाबा म्हणाले.

लाल घेऊन परतताना जामसावळीला हनुमानापुढे नारळ फोडला. घर गाठेपर्यंत अंग आंबून गेलं होतं. तुम्ही जाल तर बसनेच जा.

दोन दिवसांनी चाकांत पाणी भरून लाल तुकड्यात उतरला. पहिल्या तासाला, म्हणजे नांगराच्या पहिल्या ओळीला, माझा जीव मुठीत होता. पण नांगर खाली गेला आणि जातच राहिला.

आता छोटी लाईन नाही, लालही केव्हाच भंगारात गेला. वहीतला एकही आकडा मला आठवत नाही. आठवतात ते बाबा. ते नांगरलेल्या तासात उतरले, कोपरापर्यंत हात घातला, हरळीची हातभर मुळी उपटून बांधावर टाकली. मी तिथेच उभा होतो. त्यांनी हात झटकले आणि माझ्याकडे न पाहताच विचारलं, "संत्र्याचे खड्डे कवा खांदतं?"