चांगल्याला हात लावायचा नाही

माणसाचं लक्ष कसं टिकतं आणि कसं सुटतं, हे शोधण्यात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. नाशिकच्या एका कॉलेजात मी छोटीशी प्रयोगशाळा चालवते तीही त्याचसाठी. डोक्याला तारांची टोपी घालून बसलेल्या माणसाच्या मेंदूतले लांबलांबचे भाग एकमेकांशी किती जुळवून घेतात, लक्ष उडालं की ती जुळणी कशी सैल पडते, हे मी दिवसभर बघत असते. इतकं असूनही आईच्या बाबतीत मी जो गाढवपणा केला, तो पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यानेसुद्धा केला नसता.

सुरुवात दुधापासून झाली. मी अंघोळ करून बाहेर आले तर दूध उतू जाऊन ओट्यावरून खाली ओघळत होतं, आणि आई चार पावलांवर पाठमोरी बसून निवांत मेथी निवडत होती. आठ दिवसांत पुन्हा तेच. मग मागून हाक मारली तर ओ देईना. रविवारी विहारात वंदना झाल्यावर शेजारच्या बाई तिला दोनदा काहीतरी विचारत होत्या आणि ही समोर बघत बसलेली. मी ते पाहिलं आणि घरी येईपर्यंत तिचा हात सोडला नाही.

कारण सायखेड्याच्या मावशीचं असंच सुरू झालं होतं. मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. शेवटच्या वर्षी ती स्वतःच्या लेकींना 'बसा बाई, चहा घेऊन जा' म्हणायची, पाहुण्यांना म्हणतात तसं. आई तिच्या उशाशी बसून हे ऐकायची आणि बाहेर येऊन नळाखाली तोंड धुवायची.

मी आईला खरं सांगितलं नाही. "नवीन मशीन नीट चालतंय का बघायचंय, दहा मिनिटं बस," असं म्हणून पुढच्या रविवारी तिला बंद कॉलेजात घेऊन गेले. बाई नेमकी डोक्याला चपचपीत तेल लावून आली होती. टोपीतल्या तारा त्या केसांवर धरेनात, तेव्हा टोपी बाजूला ठेवली आणि नुसती पडद्यावरची चाचणी घ्यायची ठरवली. चाचणी अगदी साधी. पडद्यावर एकामागून एक आकडे येतात. प्रत्येक आकड्याला बटण दाबायचं, फक्त तीन आला की हात आवरायचा. कंटाळवाणं काम आहे, आणि त्या कंटाळ्यातच लक्ष कुठे सुटतं ते कळतं.

परक्या माणसाकडून मी आधी सराव करून घेते, शेजारी बसून त्याचा हात बघते. आईला म्हटलं, "सोपं आहे, तुला काय सराव करायचाय!" आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. खरं सांगायचं तर तिच्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती.

चाचणी संपली की निकालाची एक पट्टी येते. आईची पट्टी लाल आणि अगदी तळाला टेकलेली. एखाद्या अनोळखी माणसाचा असा निकाल आला असता, तर मी लगेच म्हटलं असतं, इतकं वाईट कुणाचंच नसतं, काहीतरी गोंधळ झालाय. पण ती आई होती आणि मी आधीच घाबरलेली होते. मी लॅपटॉप मिटला.

"चाललं का गं मशीन?" आईने विचारलं.

"चाललं," मी म्हटलं.

पुढचे तीन दिवस मी घरात नुसती कातावलेली होते. भाजीत मीठ कमी पडलं म्हणून चिडले, चष्मा जागेवर नाही म्हणून चिडले. तिची चूक दिसली की मला मावशी दिसायची. मेंदूच्या डॉक्टरांची गुरुवारची वेळ घेतली आणि आईला सांगितलं की तुझं बीपी दाखवायचंय. हेही खोटंच.

बुधवारी संध्याकाळी डॉक्टरांना दाखवायला म्हणून मी पहिल्यांदा तिची पूर्ण नोंद उघडली. कोणता आकडा आला, बटण दाबलं की नाही, अशी एकेक ओळ. पहिल्या पाच आकड्यांना तिने बटण दाबलं होतं. पुढे सगळं रिकामं. रिकामं, रिकामं, मग तीन, आणि तिथे बटण दाबलेलं. परत रिकामं, मग तीन, आणि बटण. मी शेवटपर्यंत बोट ठेवून वाचत गेले. एकही तीन तिच्या हातून सुटला नव्हता. ते पहिले पाच सोडले, तर भलत्याच आकड्याला बटण दाबलं होतं ते फक्त एकदा.

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आईने पंचवीस वर्षं सिन्नरच्या एका कारखान्यात औषधाच्या बाटल्या तपासल्या. मी शाळेत असताना एकदा कामगारांच्या घरच्यांना कारखाना दाखवला होता, तेव्हा तिला कामावर पाहिलं होतं. मागे पांढरा उजेड, पुढून पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्या, आणि बाकावर ओळीने बसलेल्या बारा बायका. हात मांडीवर. मध्येच एखादीचा हात सटकन पुढे जायचा आणि तडा गेलेली बाटली खालच्या खोक्यात पडायची.

मी प्रयोगशाळेत एकटीच मोठ्याने हसले. मग रडले. मग नाक पुसून परत हसले. चार दिवस छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवला होता, आणि तो छातीवर ठेवला होता मीच.

घरी आले तेव्हा आई लसूण सोलत होती. मी तिच्यासमोर बसून विचारलं, "आई, रविवारी मी काय सांगितलं होतं? बटण कधी दाबायचं?"

"सगळ्याला दाबायचं, तीनला नाय," ती ताबडतोब म्हणाली. "कळलं होतं मला. चार-पाचदा दाबलं बी. मग हात ऐकंना. चांगल्याला काय हात लावायचा? चांगला जातोच की पुढं. म्हणलं, मशीन तर बघायचंय, कसं बी दाबलं तरी काय."

"मग दूध? हाका मारते तर ओ देत नाहीस?"

तिने लसणाची पाकळी उगाच दोनदा सोलली. "डाव्या कानानं ऐकू येत नाय. दीड-दोन वर्षं झाली. सांगितलं असतं तर तू कानात मशीन घालाय लावलं असतं, आन् कालनीत सगळ्या बाया म्हणल्या असत्या, झाली म्हातारी."

तिच्यावर ओरडावं की तिला मिठी मारावी, मला कळेना. मी आधी ओरडले आणि मग मिठी मारली.

गुरुवारी डॉक्टरांकडे मात्र गेलोच. माझी चाचणी म्हणजे निदान नव्हे, हे मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगत असते, तेव्हा आईला वगळून कसं चालेल? कुठे आणि कशासाठी चाललोय हे या वेळी घरातच खरं सांगितलं. डॉक्टरांनी पाऊण तास तपासलं, प्रश्न विचारले, आणि म्हणाले की वयाच्या मानाने स्मरणशक्ती उत्तम आहे, कान तेवढे दाखवून घ्या. बाहेर पडल्यावर आम्ही रसवंतीत बसलो. मी मुद्दाम तिच्या उजव्या हाताला बसले.

रसाचा ग्लास अर्धा झाल्यावर ती म्हणाली, "तू मशीन बघाय नव्हती नेली मला. मला बघाय नेली होती. कळत होतं मला."

माझा चेहरा पडला. "घाबरले होते गं मी."

"मी काय नव्हते घाबरले? ताईचं झाल्यापासून रोज सकाळी उठले की आमच्या लाईनीतल्या बायांची नावं म्हणते मी. बाकावर बसायच्या त्याच नंबरानं, सासरच्या गावासकट. अजून एक बी सुटली नाय."

ताई म्हणजे सायखेड्याची मावशी. ती जाऊन सहा वर्षं झाली. सहा वर्षं ही बाई माझ्या शेजारच्या खोलीत उठत होती, एकटीच स्वतःची परीक्षा घेत होती, आणि पास झाल्यावर चहा ठेवत होती.

"आता नको म्हणूस," मी म्हटलं. "डॉक्टरांनीच सांगितलं ना. सुटलीस."

"म्हणीन की," आई म्हणाली. "त्यातल्या चौघी वारल्या. दोघींना तर लेकरू बी नव्हतं. मी नाय म्हणलं तर त्यांचं नाव कोण घेईल?"