दत्ताचा पांढरा कोळसा

२१ फेब्रुवारी २००४. सकाळपासून आम्ही शेतात पऱ्हाटी उपटत होतो. कापूस वेचून संपला की वाळलेलं झाड लोखंडी चिमट्यात धरायचं आणि मुळासकट ओढायचं. कंबर मोडणारं काम. ऊन चढलं तेव्हा माझे यजमान बांधावर आले आणि म्हणाले, "दत्ता गेला. जालन्यालाच, दवाखान्यात." मी चिमटा खाली ठेवला. शेजारच्या ओळीतली गयाबाई थांबली नाही. तिनं अजून दोन झाडं ओढली आणि मग म्हणाली, "चांगलं झालं म्हणत न्हाई मी. पण रडणार बी न्हाई."

दत्ता माझा धाकटा दीर. तो गेल्यापासून त्याच्यावर बरंच छापून आलं. टाकाऊ काडीचं सोनं करणारा, शेतकऱ्याला कारखान्याचा मालक करणारा... लिहिणारे सगळे त्याच्या सभांना आलेले. चुलीपाशी कोणी बसलं नव्हतं. ती बाजू राहून गेली, ती मी लिहिते.

एक्क्याऐंशी साली मी या घरात आले तेव्हा तो नववीत होता. डोकं तल्लख. पुढे त्यानं आमच्या अंगणात गोबरगॅस बांधला. त्यावर मी वर्षानुवर्षं स्वयंपाक केला, धूर गेला, उरलेली शेणाची रबडी खत म्हणून शेतात गेली. ते काम चोख होतं, ते मी नाकारत नाही. बिघडलं ते ब्याण्णवमध्ये. तीर्थपुरीच्या रस्त्याला त्यानं शेतकऱ्यांची सोसायटी काढून कारखाना टाकला. पऱ्हाटीचा भुसा करायचा, दाबून त्याच्या कांड्या पाडायच्या आणि जालन्याच्या भट्ट्यांना जळण म्हणून विकायच्या. त्याला पांढरा कोळसा म्हणत. आता आमच्याकडची रीत अशी, की रान मालकाचं, पण पऱ्हाटी उपटणारीची. मजुरी नाही. बायांनी रान मोकळं करून द्यायचं आणि मोळ्या घरी न्यायच्या. ज्यांना शेत नाही त्यांच्या चुली त्यावर पावसाळा काढत. दत्तानं सभासद केले ते फक्त सातबारावाले.

मी विचारलं, "भाऊजी, गयाबाई सभासद हाय का?"

"तिच्या नावावर जमीन कुठंय, वैनी?"

"पऱ्हाटी तर तिचीच होती."

"मंग मजुरी देऊन राह्यलो ना, रोख."

"रोख चुलीत घालायची का तिनं?"

तो हसला. "तुम्हाला ह्यातलं कळायचं न्हाई."

बिलकुल कळत होतं. त्या हंगामात सोसायटीच्या एकाही रानात बाई आली नाही. सभा नाही, घोषणा नाही, नुसत्या आल्या नाहीत. पऱ्हाटी उभी राहिली तर अळी पुढच्या पिकात उतरते, म्हणून घाईघाईनं दत्तानं ट्रॅक्टरनं नांगरून ती काढली. मुळ्यांना काळी माती चिकटलेली, मातीत खडे. सगळं तसंच यंत्रात गेलं आणि यंत्राचा दाबणारा दांडा झिजून मोडला. दुरुस्त केला, परत मोडला. दुसऱ्या हंगामानंतर शेडला कुलूप लागलं.

तेव्हापासून तो गावभर सांगायचा, "वैनीनं बाया फोडल्या." बायांना फोडायला माझी गरज नव्हती. पण तेव्हापासून एका अंगणात राहून तो माझ्याशी सरळ बोलला नाही. "सुमन, वैनीला सांग," असं बायकोमार्फत चालायचं. दवाखान्यात डबा घेऊन गेले तेव्हा एवढ्या वर्षांनी थेट माझ्याकडं बघून म्हणाला, "तुमच्यामुळं बसला कारखाना. याद ठेवा." मी म्हणाले, "भाकरी खा." तेवढंच... पुढं बोलणं झालं नाही.

तेरवीच्या स्वयंपाकाच्या चुलवणाला जळण हवं होतं. सुमन मला म्हणाली, "गयाबाईला विचारता का?" मी विचारलं. गयाबाई म्हणाली, "त्याच्या पोराला पाठव. तोंडानं मागू दे." दत्ताचा प्रशांत औरंगाबादला शिकायला. तो आला, गयाबाईच्या दारात उभा राहिला.

"मावशी, तेरवीला सरपण पाहिजे."

"कोणाच्या तेरवीला?"

"बापाच्या."

"सरपण कोणाचं?"

पोरानं पायातल्या चपला काढल्या. मग म्हणाला, "तुमचं."

"मंग न्या."

तेरवीला भाषणं झाली. एकानं दत्ताला गोरगरिबांचा कैवारी म्हटलं. गयाबाई आमटी ढवळत होती. तिनं मान वर केली नाही. "जाळ कमी करा गं," म्हणाली, "खाली लागंल."

दत्ताच्या रानातली पऱ्हाटी तेवढी अजून उभी होती. बाया तिथं कधी परतल्या नव्हत्या. दरसाल तो बाहेरगावचे मजूर आणायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चिमटा घेऊन त्या रानात शिरले. मागोमाग गयाबाई आली, मग बाकीच्या. दुपारपर्यंत मोळ्या बांधून झाल्या. प्रशांत ट्रॅक्टर घेऊन आला आणि शेडकडच्या रस्त्याकडं बघत म्हणाला, "काकू, ट्रॉली कुठं लावू?"

"गयाबाईच्या दारात," मी म्हणाले, आणि मोळी उचलून ट्रॉलीत टाकली.