टाकीचं कुलूप

ट्रॅक्टरच्या डिझेल टाकीला कुलपाचं झाकण मीच आणलं. पनवेलच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून, आत जाड रबर असलेलं, चांगलं घट्ट. चिखलणीच्या दिवसांत ट्रॅक्टर डिझेल भसाभसा पितो हे मला ठाऊक होतं. पण एकदा शंका शिरली की माझं डोकं माझं राहत नाही. ट्रॅक्टर चालवायचा माझा धाकटा दीर. नवरा नोकरीला, म्हणून शेताचा कारभार माझ्याकडे. डिझेल हाच काढून विकतो, असं मी मनात धरलं, टाकीला कुलूप घातलं आणि चावी कमरेला खोचली.

दुसऱ्याच दिवसापासून ट्रॅक्टर बंद पडायला लागला. अर्धा-पाऊण तास चालायचा, मग आचके द्यायचा आणि गप्प. निरोप आला की मी तणतणत चिखल तुडवत जायचे, आधी कुलूप उघडायचे, काठी घालून बघायचे. डिझेल भरपूर! झाकण लावून म्हणायचे, "मार स्टार्टर." की लगेच चालू. मी घरी पोचते न पोचते तोच पुन्हा बंद. पनवेलहून फिटर बोलावला. त्यानं टाकी उघडून पाहिली, फिल्टर बदलला, पाइप फुंकले आणि म्हणाला, "गाडी ठणठणीत आहे." त्याच्यासमोर चालणारच ना मेली!

मी आले की चालू, मी गेले की बंद. म्हणजे रोग ट्रॅक्टरला नाही, यालाच झालाय, असं मी ठरवून टाकलं.

चौथ्या दिवशी दीर म्हणाला, "वयनी, झाकण उघडलं का लगेच चालू होतंय. चावी दे माज्याकडं."

झालं! तळपायाची आग मस्तकात गेली. शेजारच्या खाचरात लावणीच्या बायका होत्या, त्यांच्यादेखत मी ओरडले, "चोरायला मिळेना म्हणून नाटकं करतोस होय रे? लाज नाही वाटत?" एकीनंही मान वर केली नाही. तो खाली उतरला, बांधाकडेच्या पाण्यात पाय धुतले आणि गव्हाणला बहिणीकडे निघून गेला.

जा म्हटलं! अडलंय माझं खेटर. मला ट्रॅक्टर चालवता यायचा. त्यानंच शिकवला होता. चढले. अर्ध्या तासात बंद. दोन शिव्या हासडल्या, कुलूप उघडलं, तर झाकण निघेना. जोर लावून ओढलं, तेव्हा टाकीनं फुस्स करून हवा आत खेचली. चार दिवस हा आवाज होतच असणार, पण माझ्या तोंडाच्या पट्ट्यापुढे तो ऐकू कसा यावा?

घरी जाऊन जुनं झाकण पाहिलं. त्याला हवेसाठी बारीक भोक होतं. माझ्या घट्ट झाकणाला कसलं भोक! वरून हवा नाही, म्हणून खाली डिझेल उतरत नव्हतं. त्यानं रोग ओळखून मला तोंडावर सांगितला होता. मी फक्त चावी ऐकली. असा संताप आला स्वतःचा की कुलूप उचलून विहिरीत फेकलं.

त्याच दिवशी गव्हाणला गेले. "चुकले रे," म्हटलं. तो "बरं" म्हणाला. दुसऱ्या दिवशी आला, आमची सगळी खाचरं केली. पण टाकीला त्यानं पुन्हा हात लावला नाही. पुढची कितीतरी वर्षं डिझेल संपत आलं की बांधावर उभा राहून हाक मारायचा, "वयनी, डिझेल वत!" आसपास बायका असल्या की जरा जास्तच मोठ्यानं. आणि मी मुकाट्यानं कॅन उचलून जायचे.