शांतीची मेणबत्ती

दुकानात जांभळी मेणबत्ती दिसली आणि टेमघरची आमची खोली आठवली. नाताळापूर्वीच्या आगमनकाळात दर रविवारी तिथं शेजारी प्रार्थनेला जमत आणि आशा, शांती अशा नावाची एकेक मेणबत्ती लावत. त्या रविवारी शांतीची मेणबत्ती लावायचा मान गोदामाच्या मुकादमाचा होता. त्यानं काडी ओढताच त्याच्याच हाताखाली राबणारी आई म्हणाली, "थांबा दादा. बसायला स्टूल मागितलं म्हणून काढलेल्या बाईला आधी कामावर घ्या." "वैनी, ही प्रार्थना हाय, युनियन न्हाय." "म्हणूनच इथं बोलते." काडी बोटांपर्यंत आली तशी ती फुंकून तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी आईचीही ड्युटी बंद झाली. पुढच्या रविवारी ती काढलेली बाई आमच्याकडे आली, तेव्हा आईनं काडेपेटी तिच्या हाती दिली आणि तिनं ती राहिलेली शांतीची मेणबत्ती लावली. आजही कुणी मला शांतता राखायला सांगितलं, की त्या उजेडात बसलेल्या, काम गेलेल्या दोन बायका आठवतात.