इंजिनाला लागलेल्या मुंग्या

खाडीकाठच्या आमच्या गावात होडीचं इंजिन बंद पडलं की मेकॅनिकच्या आधी सल्ले येतात. त्यात माझे धाकटे दीर रोह्याच्या कंपनीत कायम नोकरीला. तिथे ते नेमकं काय करतात हे त्यांच्या बायकोलाही धड ठाऊक नाही, पण गावी आले की सगळ्या यंत्रांचे जावई!

त्या वर्षी नारळी पौर्णिमेला त्यांनी आमच्या जुन्या इंजिनाची पूजा केली. आमचे हे म्हणाले, "वरनं हळदकुंकू लाव नि सोड." छे! देवाचं काम वरवर करायचं नाय म्हणत भावजींनी झाकण काढलं आणि आतल्या यंत्रावर नारळाच्या पाण्याची धार धरली. कुंकूही सढळ हाताने.

दुसऱ्या दिवशी भरतीला इंजिन ढिम्म. ह्यांनी दोरी ओढून ओढून खांदा दुखावून घेतला. भावजी बांधावरून म्हणाले, "दादा, भंगार हाय ते. आज सुरू झालं नाय तर विकून टाक. मी कंपनीच्या ठेकेदाराशी बोललोय, सोमवारपासनं शिफ्टला ये." आणि हे चक्क "व्हय" म्हणाले! इंजिन गेलं की मासळी गेली, आणि मासळी गेली की पेणच्या बाजारातली माझी बसायची जागा गेली. ती जागा मला कोणी आंदण दिलेली नाही, भांडून मिळवलीय.

मग तपासणी सुरू झाली. पेट्रोल बदललं. नळी फुंकताना ह्यांच्या तोंडात पेट्रोल गेलं. नवा प्लग आणला, तो लोखंडाला टेकवून दोरी ओढली, तरी ठिणगीचा पत्ता नाही. "कॉइल गेली," भावजींनी निकाल दिला. "ही आता मिळत पण नाय." स्वतःच्या साखरपुड्याची बातमीही त्यांनी एवढ्या आनंदाने सांगितली नव्हती.

मी मासळीची रिकामी पाटी घेऊन तिथेच बसले होते. बघते तर प्लगच्या वायरवरून मुंग्यांची रांग इंजिनाच्या चाकाखाली शिरतेय.

"भावजी, पेट्रोलला मुंग्या लागतात काय हो?"

ह्यांनी चाक खोललं. खाली नारळाचं पाणी आणि कुंकू यांचा चिकट लगदा, कॉइलवर, ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटवर, सगळीकडे. देव प्रसन्न झाला असेल, ठिणगी मेली होती. ह्यांनी सगळं पुसलं, पॉइंट पॉलिश पेपरने घासले, उन्हात सुकवले आणि परत बसवले.

"एवढ्यानं काय होतंय," म्हणत भावजींनी खात्री करायला प्लगची वायर स्वतःच्याच हातात धरली. ह्यांनी दोरी ओढली. आई गं! भावजी असे उडाले की एक चप्पल चिखलात जाऊन रुतली. कंपनीवाल्यांची तपासणी अशी असते. मी पोट धरून हसले.

प्लग बसवल्यावर इंजिन दुसऱ्या ओढीला फटफटलं. मी हात जोडणार तोच हे म्हणाले, "बरं झालं गो. चालू इंजिनाला गिऱ्हाईक चांगलं मिळंल."

माझं डोकंच फिरलं. बंद पडलं तरी विकायचं, सुरू झालं तरी विकायचं! म्हणजे ठरवून बसले होते दोघे. मी पाटी उचलली आणि चिखल तुडवत होडीत जाऊन बसले.

"विका," मी म्हटलं. "पण आधी मला हाताला धरून खाली उतरवा."

उतरवायला दोघांपैकी एकही पुढे आला नाही. मग ह्यांनी गुपचूप होडीचा दोर सोडला नि आम्ही मासळीला निघालो.